मापापुरती माणसं

झाडूवालीनं आधी चित्राकडे पाहिलं, मग समोरच्या बाकाकडे, मग पुन्हा चित्राकडे. अंगात पिवळं जाकीट, हातात उंच दांड्याचा झाडू, वय चित्र काढणाऱ्या हिच्याच आसपासचं, साठीच्या जरा अलीकडचं. एकीची भाषा दुसरीला कळण्यातली नव्हती म्हणून दोघी आधी नुसत्या हसल्या. परदेशात हसण्यावर बरंच भागतं. मग झाडूवालीनं झाडू बगलेत धरला आणि चित्रातल्या बाकाच्या जरा वर बोट नेलं. टेकवलं नाही, रंग ओला आहे एवढी समज होती तिला. तिथून ते बोट समोरच्या खऱ्या बाकाकडे गेलं. खऱ्या बाकावर हिचा नवरा बसला होता, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, उन्हानं डोळे बारीक केलेले. चित्रातल्या बाकावर कुणी नव्हतं. झाडूवालीनं दोन्ही तळवे वर केले. हा कुठं गेला? हिला हसू आलं. पण झाडूवालीचं अजून संपलं नव्हतं. तिला चित्रात, चौकाच्या मधोमध, छत्री घेतलेली एक पाठमोरी बाई दिसली, आणि ती वळून त्या बाईला शोधू लागली. अगदी मनापासून. कारंज्याच्या पलीकडे वाकून पाहिलं, दुकानांच्या ओळीवरून नजर फिरवली. लख्ख ऊन पडलं होतं, छत्री कुणाकडेच नव्हती. सापडली नाही तेव्हा तिनं चित्राकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुकानदारानं सुट्टे पैसे देताना घोळ केला आहे पण परक्या माणसाला कसं सांगावं. मग तिनं बाकाकडे बघून हात हलवला. नवऱ्यानंही जुनी ओळख असल्यासारखा हलवला. आणि ती कोपऱ्यातली पानं गोळा करायला निघून गेली.

संपलं. झालं होतं ते एवढंच. पण ब्रश पुन्हा हातात घेतला तर पुढं काय करायचं ते सुचेना. बाक तिनं नीट काढला होता. बसायच्या पाच पट्ट्या, पाठीच्या चार, लोखंडी हात, खाली जमिनीवर पडलेली पट्ट्यापट्ट्यांची सावली. त्या सावलीत निळा जरा जास्त झाला म्हणून तिनं तो कोरड्या ब्रशनं उचललाही होता. म्हणजे बाकाकडे तिनं दीड तासात पन्नासदा तरी पाहिलं असणार. पाठीच्या चारपैकी तीन पट्ट्या तर नवऱ्याच्या पाठीमागं होत्या, तिला दिसतच नव्हत्या. त्या तिनं अंदाजानं काढल्या होत्या. दिसत होतं ते गाळायचं आणि दिसत नव्हतं ते काढायचं, हा उद्योग आपण कधी केला, हे तिला आठवेना. ठरवून केला असता तर निदान आठवलं असतं.

"झालं का?" नवऱ्यानं बाकावरून विचारलं.

"होतंय," ती म्हणाली.

झालं का. चौतीस वर्षं. न्हाणीघराच्या दाराबाहेरून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, दवाखान्याच्या पडद्याआडून, फोनवरून, जिन्याखालून. त्यात घाई नसे, राग तर कधीच नसे. नुसती चौकशी. काम कुठवर आलं एवढंच त्याला हवं असे, आणि ते कळलं की तो पुन्हा अर्धा तास गप्प बसे. पण त्या अर्ध्या तासात पुढचं 'झालं का' येणार आहे हे हिला ठाऊक असे, आणि हिचा हात त्याच्यासाठी कान टवकारून बसे. नवरा वाईट असता तर किती सोपं झालं असतं! दारू प्यायला असता, अंगावर आला असता, निदान कंजूष असता तरी चारचौघांत सांगायला काही झालं असतं. हा तर चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होता आणि तसाच घरी आला होता, सरळ, काटेकोर आणि मदतीला तत्पर. दुकानात शिरला की आधी तराजूकडे बघायचा. या परक्या देशातसुद्धा फळवालीच्या काट्यावरचा शिक्का कुठल्या सालाचा आहे ते बघायला तो वाकला होता आणि ती बिचारी आपलं काय चुकलं म्हणून घाबरली होती. औषधाचे चमचे तोच मोजायचा. गॅस तोच बंद करायचा, आणि बंद झाला आहे असं मोठ्यानं म्हणायचा. त्याच्या सोबत राहायचं म्हणजे कधीच न चुकणाऱ्या माणसाच्या शेजारी राहायचं. त्यानं माणूस दमतं, पण दमलं हे सांगितलं तर कुणाला पटणार? मुलाला? तो म्हणाला असता, "आई, बाबांनी केलंय तरी काय?"

म्हणून तिनं घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीच्या घरात वरची एक खोली रिकामी होती, उत्तरेकडे मोठी खिडकी असलेली. मैत्रीण म्हणाली होती, "तू परदेशातून आलीस की राहायला ये. पण आधी त्यांना सांग बाई. चोरासारखी येऊ नकोस." ते हिलाही पटलं होतं. या प्रवासातच सांगायचं असं तिनं ठरवलं होतं, कारण घरात सांगायला गेलं की कुकर, फोन, बेल असं काहीतरी मधे येतं. तीन आठवडे होते हातात. पहिल्या गावात वाटलं, आत्ताच कशाला त्याचा प्रवास नासवायचा. मधल्या गावांत त्याला सर्दी झाली. आता उद्या दुपारी विमानतळाची बस होती. उद्या दुपारच्या आत सांगायचं, नाहीतर परत घरी जाऊन त्याच उंबऱ्याच्या आत शिरायचं आणि मग उरलेल्या वर्षांत कधीच नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि नेमकी आज, झाडूवाली.

नवरा उठून आला. त्यानं चित्राकडे पाहिलं, "छान," म्हणाला, आणि गढूळ पाण्याचा पेला उचलून झाडाच्या बुंध्याशी रिकामा केला. पिशवीतली बाटली काढून पेला पुन्हा भरला, नेहमीच्याच खुणेपर्यंत. पेले दोन असायचे, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. हे तिनं त्याला पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं आणि त्यानंतर एकदाही तिला पाणी मागावं लागलं नव्हतं. "छत्रीवाली छान आली आहे," तो म्हणाला आणि परत जाऊन बाकावर बसला, त्याच जागी, रिकाम्या जागी.

छत्रीवाली एकतीस वर्षांची होती. म्हणजे हिच्या हाताखालून येत होती त्याला एकतीस वर्षं झाली होती. आर्किटेक्टच्या ऑफिसात हिचं काम एकच, अजून न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यावर कशा दिसतील त्याची चित्रं जलरंगात रंगवणं. सगळे तिला पाणीवाली बाई म्हणत. नकाशावर नुसत्या रेघा असायच्या, त्यात आभाळ, झाडं, काचेतलं प्रतिबिंब ही घालायची. इमारत पुरी झाली की शेवटी माणसं. मोठे साहेब, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "माणसं शेवटी घालायची, आणि मापापुरती. शेजारी माणूस असला की दार केवढं ते कळतं, बस. त्याला तोंड द्यायचं नाही. तोंड दिलं की गिऱ्हाईक तोंडाकडे बघत बसतं, इमारत राहते बाजूला." त्यामुळे माणसं ठरलेली होती. छत्रीवाली बाई, पाठमोरी. हातात बॅग घेतलेला गृहस्थ, घाईत. आणि बोट धरून चालणारं एक मूल, कुणाचं ते कधीच ठरलं नाही. आभाळ रंगवून पेटीच्या झाकणात जो राखाडी गाळ उरे त्यातच ती ही तिघं उरकायची, प्रत्येकाला चार फटकारे. शाळा असो, बँक असो, इस्पितळ असो, ही तिघं हजर. ऑफिसात गंमत चाले की या बाईला घर नाही का, सगळ्या शहराच्या इमारतींखाली हिंडते छत्री घेऊन. हीही हसायची. ही माणसं सोयीची होती. ती बसत नसत, पिशवी सांभाळत नसत, काही विचारत नसत.

चौकातून हॉटेलवर येताना नवरा वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचत होता, अर्थ कळत नसताना, नुसती अक्षरं जुळवून. एरवी तिला याचा त्रास व्हायचा. आज ऐकूच आलं नाही. खोली लहान होती, खिडकीतून समोरच्या घराची भिंत आणि तिच्यावर उतरलेलं संध्याकाळचं पिवळं ऊन. त्यानं बॅगा पलंगाच्या कडेला ओढल्या, खिशातला वजनाचा आकडा काढला, जो तो निवृत्तीनंतरही दाढीच्या सामानाइतकाच न चुकता बरोबर ठेवी, आणि एकेक बॅग त्याला लटकवून वजन करू लागला. तिनं चित्रांची पुठ्ठ्याची फाईल उघडली आणि सगळे कागद पलंगावर मांडले. आजचं धरून अकरा. पूल. धक्का. घड्याळाचा मनोरा. बाजाराची कमान. लाल छपरांची गल्ली. एकेक हातात घेऊन ती आठवू लागली, त्या वेळी हा कुठं होता? पुलाच्या पायऱ्यांवर. धक्क्यावर एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर, रुमाल अंथरून. मनोऱ्याखाली उभा होता, कारण बसायला काही नव्हतं, पावणेदोन तास उभा होता. आठवायला कष्ट पडत नव्हते, हेच वाईट होतं. डोळ्यांनी त्याला सगळीकडे पाहून ठेवलं होतं. कागदावर पायऱ्या रिकाम्या होत्या, दोरखंड रिकामा होता. मनोऱ्याखाली छत्रीवाली होती. आणि त्या तीनही ठिकाणी कुठंतरी बॅगवाला, कुठंतरी ते मूल. त्या धक्क्यावर सकाळी सात वाजता मूल कुठून येणार होतं?

तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. बॅगवाला म्हणजे हाच असेल, नाही का? तरुणपणी ऑफिसच्या फाटकाशी तिची वाट बघत उभा असायचा, तेव्हाही हातात बॅग असायची. तेव्हा काढलेला असेल आणि मग हाताला लागून गेला असेल. असं असतं तर फार बरं झालं असतं. मग अकराही चित्रांत तो निघाला असता, आणि ती रडली असती आणि सुटली असती. पण बॅगवाला तो नव्हता. बॅगवाला ऑफिसचा हिशेबनीस होता, पाच वाजले की मागं वळून न पाहता पळणारा, त्याच्यावरूनच साहेबांनी तिला तो काढायला लावला होता. खोटी समजूतसुद्धा धड घालता येत नाही, असं मनाशी म्हणून तिनं पुलाचं चित्र पालथं केलं.

मागं लिहिलेलं होतं. कोपऱ्यात, पेन्सिलीनं, त्याच्या त्या मुंगीच्या पायांच्या अक्षरात. तारीख. 'आकाश निरभ्र, वारा मध्यम. आरंभ ९.१०, समाप्ती १०.५०. पाणी चार वेळा बदलले. समक्ष: स्वतः, पुलाच्या पायऱ्या, खालून तिसरी, डावीकडे.' तिनं धक्का पालथा केला. 'समक्ष: स्वतः, दोरखंडावर.' मनोरा. 'समक्ष: स्वतः, उभा.' तिनं एकेक करून अकराही कागद पालथे केले. आजच्यावरसुद्धा होतं. हॉटेलात शिरल्यावर ती हात धुवायला गेली होती तेवढ्यात लिहिलं असणार.

"हे काय लिहिलंय तुम्ही मागं?"

"नोंद आहे," तो आकड्याकडे बघत म्हणाला. "कागद खराब नाही होत. पेन्सिल हलक्या हातानं धरली आहे."

"ते नाही विचारत. हे समक्ष कशाला?"

"सवय गं. तपासणीच्या वेळी कोण हजर होतं ते लिहावं लागतं. नाहीतर त्या कागदाला काही अर्थ नाही. उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

"तसं कुणी नाही," तो म्हणाला.

बॅग आकड्याला लटकून हळूहळू फिरत होती. त्यानं ती पायानं थांबवली.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही नाही आहात ते. चित्रांत."

"हां, ते होय. पुलावरच दिसलं. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला नाहीत?"

त्यानं खरंच विचार केला. तो कुठल्याही प्रश्नाचा खरंच विचार करायचा, आणि समोरच्याला तोवर तिष्ठत ठेवायचा. "चित्र तुझं. त्यात कुणाला घ्यायचं ते मी कसं सांगू? मला त्यातलं कळतही नाही. मी हजर होतो, तेवढं लिहिलं." मग बॅग खाली ठेवून म्हणाला, "दोनशे ग्रॅम जास्त आहे. तुझे बूट माझ्या बॅगेत घालू."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत होतं. तिला दवाखाना आठवला. आठ वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं होतं, आणि गुंगी उतरून डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खुर्चीत हा बसलेला, मांडीवर वही, वहीत नाडीचे ठोके आणि ताप, दर अर्ध्या तासाला, स्वच्छ रकाने आखून. तिला तेव्हा हात हातात घेतलेला हवा होता. चादरीबाहेर तिनं तो ठेवलाही होता. त्यानं तो उचलला, मनगट धरलं, घड्याळाकडे बघून मोजलं आणि परत जागच्या जागी ठेवून दिला. त्या रात्रीचा राग तिनं आठ वर्षं पोसला होता. खोलीचा विचार अलीकडचा, दोन वर्षांचा, पण त्याचं बी पडलं ते बहुधा तिथंच. आता त्या वहीच्या पानावरही वर कुठंतरी 'समक्ष: स्वतः' असेल, असं तिला वाटलं. पण म्हणून राग गेला का? नव्हता गेला. त्याच्या शेजारी आणखी एक काहीतरी येऊन बसलं होतं, एवढंच. माणसाची कीव येणं आणि माणसाजवळ राहावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला साठीला टेकताना कळत होतं, आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. उलट तिला भीती वाटली, की ही कीव, हा अपराधीपणा, आता आपल्याला गप्प बसवणार. सूनबाई म्हणतील आई किती शांत झाल्या आहेत प्रवासावरून आल्यापासून. आणि उत्तरेच्या खिडकीची खोली कुणा विद्यार्थ्याला जाईल. अकरा चित्रांतून ज्याला नकळत वगळलं, त्याच्यापासून आपण तशाही निघून गेलेल्याच आहोत, फक्त त्याला कळवायचं राहिलं आहे. तेवढं कळवायलाच हवं. पण त्याआधी त्याचं एक चित्र काढायला हवं, तोंड असलेलं. याचं कारण तिला देता आलं नसतं. देणं लागतो म्हणून, की निघताना तरी नीट बघून घ्यावं म्हणून, की सांगणं आणखी दोन तास लांबावं म्हणून? तिन्ही असेल.

सकाळी न्याहारी आटोपल्यावर ती म्हणाली, "चला, चौकात जाऊन येऊ. तुमचं चित्र काढायचंय."

"माझं? कशाला?" तो दचकलाच. "काल मी ते काही तक्रार म्हणून नव्हतो बोललो हं."

"माहितीय. बसा म्हटलं की बसायचं."

"बस दोनला आहे."

"आत्ता नऊ वाजलेत."

मग त्यानं वजन करून, कुलूप लावून, पट्टा आवळून ठेवलेली आपली बॅग पलंगावर घेतली, पट्टा सोडला, कुलूप काढलं, वरचे कपडे बाजूला केले आणि तळातून पांढरा शर्ट काढला. प्रवासात एकदाही न घातलेला, कुणी जेवायला बोलावलं तर असावा म्हणून आणलेला. तो घालून त्यानं आरशात बघून केस विंचरले, होते तेवढे. ती रंगांची पेटी हातात घेऊन दाराशी उभी होती. त्याला घाई करावी असं तिला वाटलं नाही.

चौकात त्याच बाकावर तिनं त्याला बसवलं आणि स्वतःची घडीची खुर्ची पाच पावलांवर मांडली. तीन आठवड्यांत ती कुठल्याही गोष्टीच्या इतक्या जवळ बसली नव्हती. पिशवी त्याच्या मांडीवरून काढून घेतली, तर हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी गुडघ्यांवर ठेवले. "समोरच्या त्या निळ्या दाराकडे बघायचं," ती म्हणाली, "हलायचं नाही आणि बोलायचं नाही. बोललं की तोंड बदलतं." त्यानं मान हलवली आणि मान हलवली म्हणून जीभ चावली. मग तो स्थिर झाला. सरकारी प्रमाण वजन काचेच्या कपाटात असतं तसा.

पांढरा शर्ट रंगवायचा नसतो, राखायचा असतो. कागदाचा पांढरा तोच शर्टाचा पांढरा. त्याच्याभोवती सगळं रंगवत आणायचं आणि शर्टाला हात लावायचा नाही. घडीच्या रेघा तेवढ्या फिक्या निळसरात उमटवायच्या, त्याही मोजक्या. हे तिच्या हाताला येत होतं. इमारतींची उजेडाकडची भिंत ती अशीच राखायची. चेहऱ्याशी आली आणि अडली. कातडीचा रंग तिनं आयुष्यात कालवला नव्हता. पेटीतला मातकट पिवळा घेतला, त्यात किंचित लाल, भरपूर पाणी. तो ओलसर थर कपाळावरून हनुवटीपर्यंत सोडला, वाळायची वाट बघितली, मग डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या कडेला, कानामागं दुसरा थर. आणि त्यासाठी बघावं लागत होतं. नुसतं तो तिथं आहे एवढं बघणं नव्हे. डावी भुवई मधेच तुटलेली होती, जुन्या जखमेचा वण होता तिथं. कधी झाली ही जखम? लहानपणी? कशानं? लग्नाआधीची असणार, नाहीतर तिला माहीत असतं. चौतीस वर्षं ही भुवई समोर जेवायला बसत होती. विचारायचं तर आपणच त्याला बोलायची बंदी केलेली. खालचा ओठ वाटला होता त्याहून जाड होता. गालावर दाढी करताना सुटलेले चार पांढरे केस होते, या माणसाकडून चार केस सुटले होते! एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा लहान, आयुष्यभर काट्याच्या जिभेकडे रोखून बघून झाला असेल. हे सगळं तिनं कागदावर घेतलं, आणि घेता घेता लक्षात आलं की तासभर झाला, कुणी काही विचारलेलं नाही. कारंज्याचं पाणी पडत होतं. पेला गढूळ झाला तेव्हा तिनं स्वतः उठून झाडाशी ओतला. तिला हवी होती ती हीच शांतता, उत्तरेच्या खिडकीशी असेल अशी कल्पना केलेली, आणि ती इथं होती, पाच पावलांवर तो बसलेला असताना. याचं तिला इतकं आश्चर्य वाटलं की ब्रश थांबला. जमलं असतं का मग? एवढंच सांगायचं होतं का त्याला, इतकी वर्षं, की जरा वेळ बोलू नका? पण तसं कसं जमलं असतं. माणूस चौतीस वर्षं पोज घेऊन कसा बसेल? आणि तो हलू नये म्हणून बजावत राहणारी बाई तरी तिला कुठं व्हायचं होतं?

बारा वाजत आले होते. डोळे तेवढे राहिले होते. ते केले की चित्र पुरं, मग पिशव्या, बॅगा, बस, रांग. आत्ता तो हलू शकत नव्हता, बोलू शकत नव्हता, आत्ता सांगणं सोपं होतं. ही चाल काही चांगली नव्हे हे तिला कळत होतं. बांधून घातलेल्या माणसाला सांगण्यासारखंच ते होतं. तरी तिनं सांगितलं, कारण दुसरी वेळ येणार नव्हती.

"परत गेल्यावर मी वेगळी राहणार आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता तेवढा कापला नाही. "ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीकडे वरची खोली आहे. तुमचं काही चुकलं म्हणून नाही. मला एकटीला राहून बघायचंय. दोन वर्षं मनात आहे, तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं."

तो निळ्या दाराकडे बघत राहिला. पांढऱ्या शर्टाची छाती एकदा वर आली आणि खाली गेली, एवढंच. ती थांबली. त्यानं रागावावं, उठावं, तिला वेडी म्हणावं, सगळ्याची तिनं तयारी केली होती. तो ते सगळं करील यासाठी दोन वर्षं उत्तरं घोकली होती.

"बोलू का?" त्यानं ओठ फार न हलवता विचारलं.

"बोला ना."

"मुलाला तू सांगशील की मी सांगू?"

"मी सांगेन."

"बरं," तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "माझ्यामुळं त्याला सांगायचं राहिलं असं नको व्हायला. सांग." आणि पुन्हा ओठ मिटून, तिनं बसवला होता तसाच, हात गुडघ्यांवर ठेवून दाराकडे बघू लागला.

लहान डोळ्यातून पाणी आलं. आधी कडेला साठलं, मग नाकाच्या बाजूनं, जिथं तिनं मघाशी दुसरा थर दिला होता त्याच वाटेनं खाली आलं आणि ओठाच्या कोपऱ्याशी थांबलं. हात गुडघ्यावरून उठला नाही. त्याला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हा नाही, मुलगा दूर गेला तेव्हा नाही.

"अहो, पुसा ते," ती म्हणाली. तिचा आवाज आता कापला.

"नको," तो म्हणाला. "हलेल सगळं."

तिला उठून जावंसं वाटलं. पाचच पावलं होती. गेली असती तर तिनं त्याचं तोंड पुसलं असतं, आणि पुसता पुसता म्हणाली असती की नाही जात, राहते, आणि ते त्या क्षणी खरं असतं आणि घरी पोचेपर्यंत खोटं झालं असतं. तिनं खुर्चीच्या कडेला एका हातानं धरून ठेवलं. दुसऱ्या हातात ब्रश होता. तिनं तो स्वच्छ पाण्यात बुडवला, टोक जुळवलं, आणि जो चेहरा समोर होता तोच काढायला घेतला, मघाचा नव्हे. तिचेही डोळे भरून येत होते, दर थोड्या वेळानं थांबून मनगटानं पुसावे लागत होते, त्यामुळे जास्त वेळ लागला. आणखी अर्धा तास तरी. तो हलला नाही.